स्टेशनवालीचा भाऊ

प्रणाली,

तू गेलीस हेच मला अजून खरं वाटत नाही, आणि त्यात परवा दुपारी मला तुझं एक खोटं सापडलं. लहानसहान नाही, चांगलं मोठं. माझ्या मांडीला मांडी लावून, चेहऱ्यावरची रेषही न हलवता तू ते बोलत आलीस. समोर असतीस तर घर डोक्यावर घेतलं असतं मी. आता कोणाशी भांडू? सासूबाईंशी भांडायला दम लागत नाही आणि ह्यांच्याशी भांडायला मजा येत नाही. म्हणून लिहायला बसले आहे. शाळा सुटल्यापासून एवढं कधी लिहिलं नाही, तेव्हा चुकलंमाकलं तर हसू नकोस.

आधी त्या सकाळचं सांगते, कारण ते घशातून खाली उतरत नाही. तू केस विंचरता विंचरता म्हणालीस, "ताई, डोकं लई ठणकून राह्यलं." मी म्हटलं, "चहा घे, गोळी घे अन् पड जराशी. लसूण मी सोलतो." नेहमीचंच बोलणं. तू आत जाऊन पडलीस. मी चहा घेऊन आले तेव्हा तू हाक मारूनही उठेनास. पुढे गाडी, दवाखाना, भाऊजींचा पांढराफटक चेहरा. डोक्यातली शीर फुटली असं डॉक्टर म्हणाले. शीर म्हणजे काय ते मला कळतं, फुटणं म्हणजे काय तेही कळतं. ते दोन्ही तुझ्याबाबतीत एकत्र कसं काय, ते अजून कळत नाही.

तुला घरी आणलं, अंगणात बायका जमल्या, आणि माझा फोन वाजला. मेसवाला होता. "वैनी, आजचा लसूण आला नाई अजून." आणि मी काय म्हणावं? "देतो हो, प्रणाली सोलून राह्यली." अगदी सहज. तू समोर पांढऱ्या चादरीखाली, आणि मी त्या माणसाला सांगतेय की तू लसूण सोलतेस. फोन ठेवल्यावर मला तो लसूण खरंच कोण सोलणार याची काळजी लागली होती. माणसाचं डोकं अशा वेळी काय करतं, देव जाणे.

तू लग्न होऊन आलीस तेव्हा थोरली जाऊ काय असते ते तुला दाखवायचं, असं मी ठरवून बसले होते. मी वडनेरच्या शेतकऱ्याची लेक, बारावी मराठीतून. तू नागपूरची, बीएस्सी, इंग्रजी पेपर चहाबरोबर वाचणारी. दोघा भावांचं वर्ध्याला भाजीचं दुकान. मेसवाल्यांना निवडलेली मेथी, सोललेला लसूण, धुतलेला पालक लागतो, ते काम आपल्या दोघींचं. पिपरीच्या घराच्या मागच्या छपरीत दुपारची जेवणं झाली की पोत्यावर पोतं ओतायचं आणि संध्याकाळच्या आत संपवायचं. पहिले काही महिने आपण दोघी तिथे मुक्यासारख्या बसायचो. तू मला "तुमी" म्हणायचीस. मी तुला जुड्या वाढवून द्यायचे.

मग एक दिवस तू स्वयंपाकघरातून स्टीलचा मोठा गंज आणलास, त्यात मोबाईल उभा ठेवलास आणि काहीतरी लावलंस. भांड्यात ठेवला की आवाज घुमतो, ही अक्कल तुझी. मी पाहिलं तर मोठाल्या डोळ्यांची चित्रं आणि आगगाडीसारखी पळणारी भाषा. सासूबाई खाटेवरून म्हणाल्या, "कार्टून पाहाचं वय हाये का तुमचं?" तू म्हणालीस, हे कार्टून नाही, अ‍ॅनिमे आहे, जपानी, मोठ्या माणसांसाठी. मी म्हटलं, जपानी असो का जाफराबादी, मेथी थांबत नाही.

अडचण एवढीच होती की खाली सबटायटल इंग्रजीत, आणि माझे डोळे मेथीवर. मेथी निवडताना वर पाहिलं की हटकून पिवळं पान आत जातं, आणि मेसवाला ओरडतो. तेव्हा तू वाचायला लागलीस. इंग्रजी वाचून वऱ्हाडीत सांगायचीस, आणि नुसतं सांगायची नाहीस, सोंग वठवायचीस. पाताळातली भुतं म्हणायची, "ओ बाई, मले एक दिवा पायजे न." चार दिवसांत सासूबाईच विचारायला लागल्या, "मंग थ्या भुताले दिवा भेटला का?" तू लसूण सोलायचीस, कारण तो न पाहता सोलता येतो. मी मेथी निवडायचे. "तुमी"चं "तू" कधी झालं ते दोघींनाही कळलं नाही.

भुतांची ती आपली पहिली सिरीज. तिचं खरं नाव तोंड वाकडं केल्याशिवाय येत नाही, म्हणून आपण तिला "भट्टीवाली" म्हणायचो. बंदराच्या गावात काचेची भट्टी चालवणारी बाई. मेलेली माणसं तिच्याकडे गिऱ्हाईक होऊन येतात, दिवा मागतात. दिवा फुंकता फुंकता ती त्यांना कोणी मारलं ते शोधून काढते, आणि मध्येच सगळे मिळून मासे भाजून खातात. मी विचारलं होतं, "हे पोलिसाचं हाये, भुताचं हाये, का सैपाकाचं?" तू म्हणालीस, "तिन्हीचं." मला ते पटेना. एका गोष्टीत एक काहीतरी असावं. तू म्हणालीस, "तू वांग्यात चिंच टाकतं, गूळ टाकतं, तिखट टाकतं, तवा विचारतं का कोनी, हे आंबट हाये का गोड?" मी गप्प बसले. गप्प बसण्याची ती माझी पहिलीच वेळ होती, असं तू नंतर सगळ्यांना सांगत फिरलीस.

मी डोळ्यांनी ती सिरीज निम्मीच पाहिली असेल, पण कानांनी पूर्ण. मागचं संगीत मला तुझ्याहून जास्त पाठ होतं. आमच्या बाबांचं भजनी मंडळ होतं, पेटी बाबाच वाजवायचे, त्यामुळे कान लहानपणीच तयार झालेला. भट्टीवालीत सगळा पितळी बाजा. आपल्या लग्नातल्या बँडचेच भोंगे, पण वाजवणारे शुद्धीवर असलेले. भूत आलं की भीतीचं काही नाही, उलट ठेका, नाचावंसं वाटेल असा. आणि ती बाई काच फुंकायला लागली की सगळा बँड एकदम थांबायचा, कुठली तरी एकच तार टणटण वाजायची. ती तार ऐकली की माझा हात आपोआप थांबायचा. जिथे जे हवं तिथे तेच वाजवणारा माणूस, असं माझं मत झालं, आणि माझं मत एकदा झालं की झालं.

दुसरी तुझी, "स्टेशनवाली". डोंगरातलं एवढंसं स्टेशन, तिथली शाळकरी पोर, आणि स्टेशनमास्तर म्हणजे जुन्या लढाईतलं गंजलेलं यंत्र, त्याला ती तिकीट फाडायला शिकवते. अर्धी शाळेची गंमत, अर्धी लढाई, आणि उरलेलं सगळं घरचं रडगाणं. ते यंत्र तुझ्या तोंडून आर्वीच्या बसच्या कंडक्टरसारखं बोलायचं. "ओ दादा, सरका न मांगं, काऊन दारात उभे राह्यले?" मी हसून हसून मेथीत माती टाकायचे. तिचं संगीत म्हणजे गळ्यात अडकवायची पेटी आणि लहान मुलांचे आवाज, शब्द नसलेले. तुला ते फार आवडायचं. लसूण सोलता सोलता तुझे डोळे त्या पेटीला भरून यायचे, आणि मी म्हणायचे लसणाने आले असतील.

कोणती चांगली यावरून आपण किती भांडलो. तू म्हणायचीस, जगभरातले लोक इंटरनेटवर याच दोन सिरीजवरून भांडतात, दोन्हींना मोठी बक्षिसं मिळाली आहेत, आपण एकट्याच वेड्या नाही. मी म्हणायचे, जगातल्या लोकांना मेथी निवडायची नसते. तुझं म्हणणं, भट्टीवालीचं संगीत हुशार आहे, ऐकणाऱ्याला डोळा मारतं. स्टेशनवालीचं हुशार नाही, ते शेजारी येऊन बसतं. माझं म्हणणं, शेजारी येऊन बसायला शेजारीण आहे की, सारखी आहे. संगीताने आपलं काम चोख करावं. आणि स्टेशनवालीत ते चोख नव्हतं, याचा माझ्याकडे पुरावा होता. सांगते.

विलास गेला ते वर्ष. माझा पाठचा भाऊ. हिंगणघाटहून रात्री मोटारसायकलने घरी यायला निघाला आणि आला नाही. वडनेरहून त्याची तेरवी आटोपून मी परत आले तेव्हा माझ्या तोंडाला कुलूप लागलं होतं. घरातले सगळे मला समजावत होते. तू एकटीने काही समजावलं नाहीस. माझ्यासमोर मेथी ओतलीस, गंज आणलास आणि स्टेशनवाली लावलीस.

काही दिवसांनी तो भाग आला. त्या पोरीला एक मोठा भाऊ आहे, तो सकाळच्या गाडीने निघतो. तू म्हणालीस, "त्याले बोटीवर नोकरी लागली." मी मान डोलावली. मग घरात माणसं जमली, सगळी काळ्या कपड्यांत, आणि मागे पेटी सुरू झाली. खालच्या पट्टीत, एकेक सूर ओढत, पोरांचे आवाज जमिनीला लागलेले. मी मेथी खाली ठेवली. ती चाल मी ओळखते. भजनी मंडळाच्या घरात वाढले आहे मी, बारशाला काय म्हणतात आणि मयतीला काय म्हणतात ते मला कोणी शिकवायला नको. मी म्हटलं, "काय व, पोराले नोकरी लागली अन् हा मयतीची चाल वाजवून राह्यला? गधा हाये का?"

तू म्हणालीस, "चुकला असन, ताई."

"अन् हे काळे कपडे काऊन?"

"त्याइच्यात बोळवणीले काळे घालते."

"बोळवण तं झाली न सकाळीच."

"दूरचे पाहुणे आता आले."

मला पटलं. जपानात आम्ही कधी गेलो होतो? मध्ये तू थोडं पुढे ढकललंस, जाहिरात आहे म्हणून. आणि तेव्हापासून माझ्या हातात काठी आली. भांडण कुठूनही सुरू होवो, शेवटी मी तिथेच आणून ठेवायचे. भट्टीवालीचा बँडवाला असली चूक करेल का? मयतीची चाल बोळवणीत? बाकी प्रत्येक गोष्टीवर तू तोडीस तोड बोलायचीस, इथे आलीस की मान खाली घालून लसूण सोलायचीस. "चुकलाच थो," म्हणायचीस. मला वाटायचं, जिंकले.

त्या पोरीचा भाऊ पुढे परत आलाच नाही. मी विचारायचे, "काऊन नाई आला?" तू म्हणायचीस, बोट लांब आहे. ती पोर टेकडीवर एका दगडाशी बसून एकटीच बोलायची. तू सांगितलंस, भावाशी फोनवर बोलते. "फोन कुठी हाये?" "कानात हाये, लहानसा." आणि मग तू त्यांचं बोलणं सांगायचीस. तो म्हणतो, बोटीवरचं जेवण खारट आहे. तो म्हणतो, तू लई बोलतं, जराशी कमी बोलत जा, दुनियेचे कान दुखते. तो म्हणतो, चल, ठेवतो आता, जेवण करजो. मला तो पोरगा फार ओळखीचा वाटायचा. मी दिवसभर त्याच्या फोनची वाट पाहायचे. मी पुन्हा जेवायला लागले, भांडायला लागले, सासूबाई म्हणाल्या, "आली बाई हे जागेवर."

शेवटच्या भागात ती पोर फलाटावर उभी असते. गाडी येते, दारं उघडतात, माणसं उतरतात. मी मेथी टाकून मोबाईलजवळ सरकले. "आला का?" तू म्हणालीस, "आला." "दिसत तं नाई." "गर्दीत हाये न, ताई. थांब न जराशी." आणि भाग संपला. मी एवढी खूश झाले की उठून साजूक तुपातला शिरा केला. सगळ्यांना वाढला, ह्यांनी विचारलं आज काय आहे, मी म्हटलं, भाऊ आला. तू समोर बसून तो शिरा खाल्लास, प्रणाली. वर अजून मागून घेतलास.

पुढच्या वर्षी आपण गिरडला गेलो, टेकडीवर दर्ग्याला. वर पोचल्यावर वारा भन्नाट होता. तू एक इअरफोन माझ्या कानात घातलास, एक तुझ्या, आणि तीच पेटी लावलीस. खाली सगळा मुलूख हिरवागार पसरला होता. तू म्हणालीस, "ताई, थ्या स्टेशनवालीचं तुले एक सांगाचं हाये." मी म्हटलं, "हरली म्हणून आता बहाने नको सांगू." तू हसलीस आणि म्हणालीस, "नाई सांगत, जाय." मी तुला ओळखायचे असं मला वाटायचं. तुझा चेहरा मी त्या दिवशी नीट पाहिलाच नाही, वाऱ्याने केस डोळ्यांत जात होते.

परवा दुपारी मी छपरीत एकटीच लसणाच्या पोत्याशी बसले होते. तुझी तेरवी होऊन गेली, पाहुणे गेले, मेसवाल्यांना मात्र रोज लसूण लागतोच. एवढी शांतता मला सहन होईना. मी गंज आणला. तुझी स्टेशनवाली लावावी, पेटी ऐकावी, तेवढीच तू जवळ आहेस असं वाटेल. पण वाचून कोण सांगणार? मोबाईलमध्ये बघितलं तर ती आता हिंदीतही आली आहे. म्हटलं, हिंदी तर हिंदी.

स्टेशनमास्तर साध्या हिंदीत बोलत होता, मेला एकदम गुळगुळीत. तुझा कंडक्टर कुठे आणि हा कुठे. मी मनातल्या मनात नावं ठेवत सोलत होते. मग भावाची गाडी आली. तो चढला. म्हटलं, आता बोटीच्या नोकरीचं सांगतील. कोणी बोटीचं नाव काढेना. तो शेजारच्या शहरात औषध आणायला चालला होता, संध्याकाळी परत येणार होता. मग स्टेशनमास्तर पोरीच्या घरी आला, दारात उभा राहिला आणि म्हणाला, पूल कोसळला, गाडी खाली गेली, कोणी वाचलं नाही.

मग काळे कपडे. मग पेटी.

माझ्या हातातला लसूण हातातच राहिला. मी भाग मागे नेला, परत ऐकला. मला वाटलं हिंदीवाल्यांनी घोळ केला असेल. पुढचा लावला. ज्याला तू जाहिरात म्हणालीस तिथे त्या पोराचा फोटो होता आणि फुलं होती. म्हणजे तू सगळे भाग आधीच एकटीने पाहून ठेवले होतेस. टेकडीवरचा दगड म्हणजे त्याची समाधी होती. ती पोर फोनवर बोलत नव्हती. ती एकटी बोलत होती, आणि पलीकडून कोणी काही बोलत नव्हतं. खारट जेवण नाही, दुनियेचे कान नाही, काही नाही.

तेव्हा मला कळलं, तो पोरगा एवढा ओळखीचा का वाटायचा. तू लई बोलतं. जेवण करजो. हे विलासचं बोलणं आहे. मीच तुला कधी तरी सांगितलं असणार, रडता रडता, की तो फोन ठेवताना असं म्हणायचा. तू ते उचललंस आणि एका जपानी पोराच्या तोंडी घातलंस, आणि दुपारी दुपारी, लसूण सोलता सोलता, मला माझ्या भावाचे फोन लावून दिलेस. महिनोन् महिने. आणि मी बावळट, ते ऐकून बरी होत गेले.

मला राग आला. खोटं नाही सांगत, मोबाईल फेकून द्यावा इतका आला. विलास मला दुसऱ्यांदा मेल्यासारखा झाला, आणि तू दुसऱ्यांदा गेल्यासारखी झालीस, एकाच दुपारी. कोणाला विचारून केलंस हे? मी काय लहान पोर होते? आणि ते यंत्र, ती पोर, कोण काय खरं बोललं आणि कोण तुझं बोललं, ते मी आता कसं निवडू? अख्खी सिरीज माझ्या डोक्यात तुझ्या आवाजात आहे.

आणि ते भांडण. त्या पेटीवर तुझा एवढा जीव. तो वाजवणारा कुठेही चुकला नव्हता. भाऊ मेला होता, त्याने मयतीची चाल वाजवली. मी कानांनी बरोबर ओळखलं होतं आणि तू सांगितलेल्यावर विश्वास ठेवून त्या बिचाऱ्याला गधा म्हणत राहिले. एका वाक्यात तू मला गप्प करू शकली असतीस. नाही केलंस. मला जिंकू दिलंस, वर्षानुवर्षं, तुझ्या सगळ्यात आवडत्या गाण्याला माझ्या तोंडून शिव्या खाऊ दिल्यास. एवढा दम मला नसता निघाला. मला तर कोपऱ्यावरच्या दुकानात साखर स्वस्त मिळते हेही पोटात ठेवता येत नाही.

काल मी शेवटचा भाग लावला होता आणि भाऊजी आले. तू गेल्यापासून ते दुकानात जातात, परत येतात, ताटात वाढलेलं खातात. बोलत नाहीत. रडलेही नाहीत. दहनाच्या वेळीही नाही, तेरवीलाही नाही. माझे हे म्हणतात, "त्याले मोकळं होऊ द्या," पण होऊ कसं द्यायचं ते कोणाला ठाऊक नाही. काल ते मेसचा लसूण न्यायला आले होते. गंजातला मोबाईल पाहून उभे राहिले. मग पोत्याशी बसले, तुझ्या जागेवर, आणि एक गड्डा उचलून सोलायला लागले. खाली मान घालून, तू सोलायचीस तसं नाही, नखं लावून, वाईट.

"हे थेच का, वैनी? प्रणाली पाहे थे?"

"हो. तिची सगळ्यात आवडती."

"मले लई डाव म्हणे, बसा म्हणून. मी म्हनो, उद्या पाहू." ते थांबले. "काय चाललं याच्यात?"

मी सांगितलं. फलाट आहे. पोर उभी आहे.

"कोनाची वाट पाहून राह्यली थे?"

"तिच्या भावाची."

गाडी आली. ह्या भागाला शेवटी बोलणंच नाही, प्रणाली, हिंदीतही नाही. नुसती गाडी, दारं, उतरणारी माणसं. म्हणून तर तुला सोपं गेलं असेल. माणसं उतरून आपापल्या वाटेला लागली. फलाट रिकामा होत गेला. भाऊजींनी वर पाहिलं नाही. हातातला लसूण मात्र थांबला.

"आला का?"

तुझा शब्द माझ्या जिभेवर आला होता. आला, गर्दीत आहे, थांबा जरासे. मला तो म्हणता आला असता. तो ऐकून माणूस जगतो हे माझ्याशिवाय कोणाला जास्त माहीत आहे? संध्याकाळी शिराही केला असता. पण मी त्यांच्याकडे पाहिलं आणि मला तुझ्यासारखं नाही जमलं.

"नाई आला, भाऊजी," मी म्हटलं. "तिचं कोनीच नाई उतरलं."

पेटी सुरू झाली. मी आवाज कमी करायला हात पुढे केला, तर ते म्हणाले, "राहू द्या, वैनी." आणि मग, प्रणाली, तुझा नवरा रडला. हातात लसणाचा गड्डा धरून, खांदे हलवत, लहान पोरासारखा. मी चुकले की बरोबर केलं, ते मला माहीत नाही. तू असतीस तर यावर आपलं वर्षभर भांडण चाललं असतं, आणि या वेळी तू काही मला जिंकू दिलं नसतंस. अंगणातून कोणाला दिसू नये म्हणून उठले आणि छपरीचं दार लोटून घेतलं.